जुन्या गाडीचा उडालेला मूळ रंग न घासता परत कसा आणायचा

पद्मिनीचं बोनेट पांढुरकं पडलं, ॲम्बेसेडरच्या टपावर बोट फिरवलं तर बोटाला रंग यायला लागला, की जळगाव-धुळ्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: पत्र्यापर्यंत घासा आणि नवा रंग मारा. ही घाई करू नका. बहुतेक गाड्यांवर मेलेला असतो तो रंगाचा फक्त वरचा पापुद्रा. त्याखालचा रंग शाबूत असतो आणि तो वर आणता येतो. त्यासाठी फार महागडं सामान लागत नाही. सावली, वेळ आणि हलका हात मात्र लागतो. पद्मिनी बंद होऊन दोन दशकं उलटली, ॲम्बेसेडर २०१४ साली थांबली. त्यांच्यावरचा कारखान्यातला रंग एकदा खरवडला की तो पुन्हा कुठेच मिळत नाही. म्हणून नव्या रंगाचा विचार सगळ्यात शेवटी करायचा.

इथली पद्धत सिंगल स्टेज रंगासाठी आहे, म्हणजे ज्यावर वेगळा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही असा जुना डुको किंवा एनामल. नंतरच्या मेटॅलिक गाड्यांचा क्लिअर कोट सोलून निघत असेल, पापडासारखे तुकडे उडत असतील, तर त्यावर पॉलिशचा काहीही उपयोग नाही. तिथे तेवढा पॅनेल रंगवावाच लागतो.

रंग नेमका कशाने उडतो

रंगात दोन गोष्टी असतात: रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारा राळेचा बांध. आपल्याकडच्या उन्हातले अतिनील किरण हा बांध तोडतात. बांध तुटला की वरचे कण सुटे होतात. हातावर येणारी भुकटी ती हीच. बांध सुकल्यामुळे पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात, त्यात उजेड विखुरतो आणि लाल गाडी गुलाबी, काळी राखाडी दिसायला लागते. लाल रंगाला हा त्रास सगळ्यात जास्त. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या गडद गाडीचं बोनेट ७० अंशांपुढे तापतं. म्हणून बोनेट, टप आणि डिकी आधी जातात. दारं बरीच टिकतात. रोज एकाच जागी उभ्या राहणाऱ्या गाडीची पश्चिमेकडची बाजूही लवकर विटते.

जुन्या गाडीवर अस्तरासकट सगळे थर मिळून १०० ते १५० मायक्रॉन असतात. साध्या झेरॉक्स कागदाची जाडी साधारण १०० मायक्रॉन असते, यावरून अंदाज येईल. पूर्वी दोन-तीनदा कंपाऊंड (रंग कापणारी खरखरीत पेस्ट) मारलेल्या गाडीवर तर याहून कमी उरलेलं असतं. पुढची सगळी पद्धत हे लक्षात ठेवूनच आखलेली आहे: आधी तेल, मग पॉलिश, आणि कंपाऊंड फक्त नाइलाज झाला तर.

आधी पाहणी

पुढची नंबर प्लेट काढा, दाराचं रबर बीडिंग थोडं सरकवा, डिकीच्या झाकणाची आतली बाजू बघा. तिथे ऊन पोचलेलं नसतं, त्यामुळे खरी छटा तिथे दिसते. शेवटी कुठपर्यंत पोचायचं हे त्यावरून ठरतं. बीडिंगवर किंवा वायरिंगवर रंगाचे तुषार दिसले तर तो पॅनेल नंतर रंगवलेला आहे, हे धरून चाला. रंगाची जाडी मोजणारं गेज मिळालं तर उत्तम. एका दारावर १२० आणि शेजारच्या मडगार्डवर ६०० दाखवत असेल तर मडगार्डवर रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. त्या मडगार्डची छटा दाराशी कधीच तंतोतंत जुळणार नाही.

आता रंगाचा प्रकार तपासा. डिकीच्या आतल्या कडेला सुती कापडावर थोडं पॉलिश घेऊन हलकं घासा. कापडावर गाडीचा रंग आला तर सिंगल स्टेज. पांढऱ्या गाडीसाठी काळं कापड घ्या, नाहीतर काही कळणार नाही. त्याच आडोशाच्या जागी कापसाच्या बोळ्यावर एक थेंब एन. सी. थिनर घेऊन टेकवा. रंग लगेच विरघळून बोळ्याला लागला तर नायट्रोसेल्युलोज डुको आहे. थोडा वेळ लागून रंग सुरकुतला तर सिंथेटिक एनामल. काहीच झालं नाही तर बहुधा हार्डनर घालून मारलेला नंतरचा रंग. ही चाचणी दर्शनी भागावर करायची नाही.

काही नुकसान भरून येत नाही, ते आधीच ओळखून ठेवा. रंगात उभ्या-आडव्या बारीक भेगा दिसत असतील, नख अडकत असेल, तर रंग खालपर्यंत तडकलेला आहे. तेल दिल्यावर त्या भेगा उलट गडद होऊन जास्त उठून दिसतात. रंगाखाली फोड आले असतील तर आत गंज आहे. कोपऱ्यांवर लालसर किंवा करडं अस्तर दिसत असेल तर तिथे रंग उरलेलाच नाही. असे भाग पॉलिशने भरत नाहीत.

जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगात शिसं असू शकतं. म्हणून कोरडं घासू नका. नायट्राइलचे हातमोजे घाला, काम संपल्यावर हात धुऊनच जेवायला बसा आणि रंग लागलेली फडकी घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

धुणं: इथेच निम्मे ओरखडे पडतात

खान्देशातली काळ्या मातीची धूळ बारीक असते, पण तिच्यात वाळूही असते. भुसावळकडे, दीपनगरच्या बाजूला, तिच्यात तिथल्या औष्णिक वीज केंद्राची राख मिसळते. कोरड्या फडक्याने ती पुसली की सगळ्या बोनेटवर गोल-गोल ओरखडे उठतात. डिझेल किंवा रॉकेलच्या फडक्याने पुसायची सवय तर लगेच सोडा. तासभर चमक दिसते, मग तीच ओल धूळ धरून ठेवते, आणि बीडिंगचं रबर फुगून सैल होतं ते वेगळंच.

आधी साध्या पाण्याने वरून खाली भरपूर ओता. टपाच्या कडेची पाणपन्हाळ, काचेखालची जाळी आणि हेडलाइटची कडी इथे माती दडून बसते, ती मऊ ब्रशने सोडवा. प्रेशर वॉशर असेल तर नळी किमान दोन फूट लांब धरा. तडकलेल्या किंवा फोड आलेल्या जागी ती वापरूच नका, कारण जोरात मारलेलं पाणी कडेतून आत शिरून रंगाचं सालटं काढतं. मग दोन बादल्या घ्या, एकीत १० लिटर पाण्यात ३० मिलीच्या आसपास न्यूट्रल पीएचचा कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पॅनेल धुवायचा, मोजा साध्या पाण्यात खंगाळायचा, मग पुन्हा शाम्पूत. कपड्याची पावडर किंवा भांड्यांचा साबण नको. रंगात जे काही तेल उरलेलं असतं तेही तो ओढून नेतो.

पाण्याचं सांगायलाच हवं. आपल्याकडचं बोअरचं पाणी खारं असतं. ते गाडीवर वाळलं की पांढरे गोल डाग राहतात आणि भुकटी सुटलेल्या रंगात ते खोलवर बसतात. नगरपालिकेचं नळाचं पाणी मिळालं तर बरं, पावसाचं साठवलेलं पाणी सगळ्यात चांगलं. आरओ मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी अनेक जण गाडीला वापरतात. ते तर मूळ पाण्याहून जास्त खारं असतं, त्याने गाडी धुवू नका. बोअरशिवाय इलाज नसेल तर एकेक पॅनेल धुऊन लगेच कोरडा करा आणि शेवटचं पाणी तरी फिल्टरचं घ्या. जुन्या डागांवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन ओलं कापड मिनिटभर टेकवा, मग भरपूर पाण्याने धुवा. क्रोमवर आणि उघड्या पत्र्यावर ते राहू देऊ नका.

धुतल्यावर तळहात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्यावरून फिरवा. खरखर लागली तर अजून काही चिकटलेलं आहे. रेल्वे यार्डाच्या आसपास उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर चाकांतून आणि ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रुतलेले असतात. पांढऱ्या गाडीवर ते तांबूस ठिपक्यांसारखे दिसतात. त्यासाठी क्ले बार घ्या, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणारी मातीसारखी वडी, मऊ प्रकारची. शाम्पूचं पातळ पाणी फवारून, तळहाताएवढ्या भागात, दाब न देता सरळ रेषेत फिरवा. क्ले मळकट झाला की घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्या. जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्या, कारण त्यात शिरलेली वाळू निघत नाही.

टच-अप आत्ताच, तेलानंतर नाही

हा क्रम बरेच जण चुकवतात. एकदा तेल पाजलं की त्यावर नवा रंग धरत नाही, डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. म्हणून दगडाचे टिचे असतील तर ते या टप्प्यावर भरून घ्या. गंजाचा ठिपका असेल तर ८०० नंबरच्या पॉलिश पेपरच्या छोट्या तुकड्याने तेवढीच जागा चमकेपर्यंत घासा, रस्ट कन्व्हर्टर लावा, डब्यावर दिलेला वेळ वाळू द्या, मग प्रायमर. रंग नंबर प्लेटमागच्या छटेवरून मिळवून घ्या आणि तो थिनरने पातळ करा. दात कोरायच्या काडीने किंवा शून्य नंबरच्या ब्रशने खड्ड्याच्या मधोमध थेंब टेकवा. एकदम भरू नका. तीन-चार पातळ थर द्या, प्रत्येकात एक दिवस अंतर ठेवा. पेंटवाल्याकडून छटा बनवून घेताना चकचकीत नमुना देऊ नका, गाडी नेऊन प्लेटमागची जागाच दाखवा. टच-अप पूर्ण कडक व्हायला आठवडाभर द्या आणि मगच पुढे जा.

तेल पाजणं

या कामाचा जीव हाच. सुकलेल्या रंगाला घासण्याआधी तेल द्यायचं. बांधात पडलेल्या बारीक खड्ड्यांत तेल उतरतं, उजेड विखुरणं थांबतं आणि छटा खोल होते. शिवाय तेलाने मऊ झालेला वरचा मेलेला पापुद्रा सहज निघतो, खालचा चांगला रंग वाया जात नाही. थेट कंपाऊंड मारलं तर कोरडा रंग भुकटी होऊन निघत राहतो आणि कुठे थांबायचं ते कळतच नाही.

यासाठी कापणारे कण नसलेलं, तेलाचं प्रमाण जास्त असलेलं ग्लेज हवं. जुन्या गाड्यांवर काम करणारे मेग्वायर्सचं सात नंबर ग्लेज वापरतात. ते ऑनलाइन मिळतं. बाटली ४७३ मिलीची असते आणि पद्मिनीएवढ्या गाडीचे वरचे पॅनेल दोनदा करायला पुरते. जवसाचं तेल हा त्याला पर्याय नाही. जीप आणि ट्रॅक्टरवर ते चोळायची पद्धत आपल्याकडे आहे, पण जवसाचं तेल वाळून पिवळसर पापुद्रा धरतं, धूळ त्यात अडकते आणि पुढे तो काढताना रंगही जातो. त्याची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, आणि आपल्या उन्हाळ्यात हा धोका जास्तच. खोबरेल तेलाचा तर दोन दिवसांत मागमूस राहत नाही. डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉनचं पॉलिश पत्र्याला लावू नका. पुढे कधी रंगवायची वेळ आली तर तेच सिलिकॉन नव्या रंगात खड्डे पाडतं.

काम बंद शेडमध्ये करा. पत्रा हाताला गार लागला पाहिजे, म्हणजे ३० अंशांच्या आत. खान्देशात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे सुरू करून नवाच्या आत हात थांबवा. गाडी रात्रभर आत उभी असली पाहिजे. जून-जुलैच्या पहिल्या वावटळीत उघड्यावर हे काम काढू नका. ओल्या तेलावर बसलेली धूळ पुसताना पुन्हा ओरखडे पडतात.

जाड लूपचा सुती टर्किश टॉवेल घ्या, सोलापुरी चालेल. मायक्रोफायबर इथे नको, सुती लूपमुळे मेलेला रंग उचलला जातो. टॉवेल चौपदरी घडी घालून त्यावर सुपारीएवढं ग्लेज घ्या. दीड फूट बाय दीड फूट भाग ठरवा आणि दाब देऊन गोल-गोल चोळा, दोन-तीन मिनिटं. टॉवेल लाल, निळा, जो रंग असेल त्याने माखेल. घाबरू नका, तो मेलेला थर आहे. बाजू माखली की घडी उलटा. सगळा पॅनेल झाला की वर आणखी एक जाडसर हात देऊन तसाच सोडा. १२ ते २४ तास. काही ठिकाणी पत्रा तासाभरात कोरडा दिसायला लागेल, म्हणजे तिथल्या रंगाने तेल पिऊन टाकलं. बहुधा बोनेटच्या मधल्या भागात, इंजिनाच्या वर, असं होतं. तिथे पुन्हा लावा.

दुसऱ्या दिवशी सुकलेल्या ग्लेजवर आधी थोडं ताजं ग्लेज लावा, जुनं मऊ करा आणि मगच पुसा. कोरडं ओढलं तर ते चिकटून बसतं. पुसल्यावर छटा डाग-डाग दिसली तर दुसरा हात, फार विटलेल्या लाल गाडीला तिसराही. पॅनेल सगळीकडे सारखा ओला-गडद दिसायला लागला आणि नवं ग्लेज तासभराने आहे तसंच राहायला लागलं, की रंगाचं पोट भरलं. अनेक गाड्यांना इथेच ऐंशी टक्के निकाल मिळतो.

टप्प्यांच्या मध्ये आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), थिनर किंवा स्पिरिटने पुसायचा मोह आवरा. नव्या गाड्यांवर तसं करतात, पण इथे आत्ताच दिलेलं तेल त्याने परत निघून जाईल.

मग पॉलिश

बीडिंग, क्रोम, मोनोग्राम आणि बॉडीच्या उभ्या धारांवर मास्किंग टेप लावा. धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि यंत्राचा सगळा दाब तिथेच येतो. बोनेटच्या मधली घडी, मडगार्डचा माथा, दाराच्या हँडलभोवतीची कडा: रंग फुटतो तो याच जागी. टेप काढल्यावर धारा हातानेच करायच्या.

यंत्र ड्युअल ॲक्शन असावं, म्हणजे पॅड फिरता फिरता डोलतोही. ड्रिलला पॅड लावून काम करू नका, त्याचा वेग जास्त असतो आणि पॅड एकाच जागी फिरून रंग जाळतो. रोटरी, म्हणजे पॅड नुसता गोल फिरवणारं यंत्र, फक्त सवय असलेल्या हाताने, १००० ते १२०० आरपीएमच्या आसपास. मऊ फिनिशिंग फोमचा पॅड, त्यावर बारीक फिनिशिंग पॉलिशचे हरभऱ्याएवढे तीन-चार थेंब. आधी यंत्राच्या वेगाच्या १ नंबरवर पसरवा, मग ४ नंबरवर, दाब म्हणजे फक्त यंत्राचं वजन आणि थोडा हात. एका भागावरून चार-पाच फेऱ्या, हात सावकाश. सिंगल स्टेज रंगात पॅड पटकन रंगाने भरतो. भरलेला पॅड कापत नाही, नुसता रंग पसरवतो आणि पत्रा गरम करतो. म्हणून प्रत्येक भागानंतर ब्रशने झाडा, आणि एका पॅनेलला एक स्वच्छ पॅड असा हिशोब धरा. पाच-सहा पॅड जवळ असू द्या. पत्रा हाताला कोमटपेक्षा जास्त लागला तर थांबा.

पॉलिश भराभर सुकून पांढरी भुकटी उडायला लागली तर पत्रा गरम आहे किंवा पंख्याचा वारा लागतोय. रंगावर धुरकट इंद्रधनुषी रेघा दिसल्या तर पॅड कडक किंवा वेग जास्त. पॅडवर अचानक वेगळाच रंग, करडा किंवा विटकरी, दिसला तर अस्तर लागलं. तिथून पुढे एकही फेरी मारू नका. आधी बोनेटच्या एका कोपऱ्यात वीतभर भाग करून बघा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात तपासा. जे कमीत कमी पॉलिश तिथे पुरलं तेवढंच सगळ्या गाडीला वापरा. खोल ओरखडे राहिले तर राहू द्या. २००० किंवा २५०० नंबरचा वॉटर पेपर एका ओरखड्यापुरता चालतो, पण सगळं बोनेट वॉटर पेपरने घासून आरशासारखं करायचा हट्ट म्हणजे पुढच्या वीस वर्षांचा रंग एका दुपारी संपवणं.

वॅक्स आणि पुढचं

शेवटचा थर कार्नोबा वॅक्सचा, म्हणजे एका पामच्या पानांपासून मिळणाऱ्या मेणाचा. सिरॅमिक कोटिंग किंवा सिंथेटिक सीलंटवाला कितीही आग्रह करो, तेल पाजलेल्या रंगावर ते नीट धरत नाही. त्यासाठी आधी सगळं तेल काढावं लागतं, म्हणजे केलेली मेहनत वाया. वॅक्स इतका पातळ लावा की जेमतेम दिसेल. बोटाने ओढल्यावर स्वच्छ रेघ उमटली की पुसा. दुसरा हात २४ तासांनी. धुळ्या-नंदुरबारकडे थंडीच्या पहाटे वॅक्स डब्यातच कडक होतो, तेव्हा डबा थोडा वेळ उन्हात ठेवून मग वापरा. कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या आसपास हे काम करू नका, हवेतला तंतू ओल्या वॅक्सवर बसतो आणि पुसून निघत नाही.

मार्च ते जून दर सहा-आठ आठवड्यांनी वॅक्सचा एक हात द्या, एरवी तीन महिन्यांनी पुरतो. पाणी पडल्यावर थेंब गोल न राहता पसरायला लागले की वेळ झाली समजा. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत गाडी जात असेल तर पानांचा चीक त्याच दिवशी ओल्या कापडाने काढा, वाळल्यावर तो तपकिरी डाग सोडतो. पक्ष्यांची विष्ठाही तशीच, ऊन लागायच्या आत.

प्लास्टिकचं कव्हर उन्हात ओल धरतं आणि रंगाला फोड आणतं. आतून मऊ सुती अस्तर असलेलं, हवा खेळणारं कव्हर घ्या आणि ते फक्त धुतलेल्या गाडीवर, तेही शेडच्या आतच घाला. उघड्यावर एप्रिल-मेच्या वाऱ्यात कव्हर फडफडतं, खाली शिरलेली धूळ रंगावर घासली जाते आणि पहिले ओरखडे मडगार्डच्या माथ्यावर आणि टपाच्या कोपऱ्यांवर दिसतात. पक्की शेड नसेल तर कव्हरऐवजी पश्चिमेच्या बाजूने शेडनेट बांधा, आणि दर आठवड्याला गाडीचं तोंड फिरवून उभी करा, म्हणजे एकाच बाजूवर ऊन येणार नाही.